पद्मजा देवस्थळींचा उघडा पत्ता

वेबसाइट नोंदणीच्या फॉर्मच्या शेवटच्या चौकटीपाशी शरच्चंद्र देवस्थळी अडले. तोवर एकही रकाना त्यांनी रिकामा सोडला नव्हता, निवृत्त हेडक्लार्कला ते शोभलंही नसतं. पण आता संगणक विचारत होता, वेबसाइटच्या मालकाचं नाव, पत्ता आणि फोन नंबर लोकांपासून झाकून ठेवायचा का? आणि त्यांच्या उत्तराआधीच चौकटीत टिक करून मोकळा झाला होता.

"झाकायचं? आपण काय कुणाचं घेऊन पळालोय?" असं म्हणत त्यांनी टिक काढून टाकली.

यात राग थोडा आणि कृतज्ञता फार होती. मुलुंडचा फ्लॅट, विजेचं बिल, गॅस, सगळं शरच्चंद्रांच्या नावावर होतं. अडतीस वर्षं ते घर चालवणाऱ्या पद्मजाबाईंचं नाव कशावरही नव्हतं. निदान वेबसाइट तरी तिच्या नावावर असू दे आणि चारचौघांत दिसू दे, असं त्यांच्या मनात होतं.

वेबसाइट होती रुखवताची. लोकरीचं तुळशीवृंदावन, सुपारीचे वरमाय-वरबाप, मोत्यांची पालखी. आजवर पद्मजाबाईंनी सत्तावीस रुखवतं केली होती. सगळी नात्यात आणि सगळी फुकट.

"फुकटच्या वस्तूला कोण नावं ठेवणार?" त्या म्हणत. "ओळखदेख नसलेल्या एका तरी माणसानं विकत मागितलं, तर काम चांगलं आहे असं मी मानेन. महिनाभर वाट बघते. नाहीतर पलंगाखालची चौदा खोकी शाळेला देऊन टाकते."

फॉर्ममध्ये तांत्रिक कामासाठी वेगळा माणूस विचारला होता. तिथे शरच्चंद्रांनी खालच्या मजल्यावरच्या बाळा परबांचं नाव आणि नंबर दिला. इमारतीतले सगळे मिक्सर तेच दुरुस्त करत.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पद्मजाबाईंचा फोन वाजला. त्यांनी पदराला हात पुसून तो घाईघाईनं घेतला. "मॅडम, आपने वेबसाइट का नाम लिया है ना? डिझाइन हम कर देंगे." पाठोपाठ लोगो करून देणारा आला, मग इंटरनेटच्या शोधात पहिल्या पानावर नाव आणून देणारी. दुपारपर्यंत सतरा फोन झाले. शरच्चंद्र प्रत्येकाचे सविस्तर आभार मानत, त्यामुळे प्रत्येक जण संध्याकाळी पुन्हा फोन करी.

तिसऱ्या दिवशी कुणा मुलीच्या फोननं वैतागून बाळा वर आले. "देवस्थळीनू, एक चेडू माका फोनार विचारता, तुमचो सर्व्हर खंय आसा. मी म्हटलंय, मिक्सर आसात तर घेवन ये."

पाचव्या दिवसापर्यंत पद्मजाबाईंचं एक वाक्य तयार झालं होतं. पलीकडून कोणी 'वेबसाइट' म्हणालं, की त्या एका दमात म्हणत, "वेबसाइट आहे, लोगो आहे, सगळं आहे. धन्यवाद." आणि फोन ठेवून देत.

त्या संध्याकाळी आमटीला फोडणी देता देता त्यांचा हात थांबला. "अहो, आज एक बाई दोनदा बोलली. मराठीत. 'तुमची वेबसाइट बघून,' एवढंच म्हणाली आणि मी फोन ठेवला. ती गिऱ्हाईक तर नसेल?"

त्या दिवशीचे एकतीस नंबर होते. शरच्चंद्रांनी चष्मा लावला आणि एकेकाला उलटा फोन लावायला घेतला. आपणहून फोन करणारं गिऱ्हाईक लोगोवाल्यांना जन्मात भेटलं नसावं. सातव्या फोनपर्यंत शरच्चंद्र दोन लोगो घ्यायच्या बेतात आले होते. पद्मजाबाईंनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. उरलेले नंबर तसेच राहिले आणि ती बाई काही सापडली नाही.

रविवारी चारकोपहून मुलगी आली, ऋता. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तू टिक काढलीस? अरे, हे लोक नवीन नोंदणीतले नंबरच शोधत बसतात. झाकलं असतंस तर साइट आईच्याच नावावर राहिली असती. फक्त नाव दिसलं नसतं." तिनं टिक परत केली. नोंदीत पद्मजा देवस्थळींच्या जागी 'गोपनीय' असा शब्द आला.

शरच्चंद्र त्या शब्दाकडे बघत राहिले. "म्हणजे नाव पुन्हा गेलंच," ते हळूच म्हणाले.

पद्मजाबाईंनी महिना सरायची वाट न बघता पलंगाखालून पहिलं खोकं ओढलं आणि त्यावर शाळेचं नाव लिहिलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात बाळा होते आणि मागे एक घामाघूम बाई.

"वैनी, ही फोनवाली न्हय. खरीखुरी आसा," बाळा म्हणाले.

ती बाई दहिसरहून आली होती, नाव रत्नप्रभा. मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. "दोनदा फोन केला, दोनदा तुम्ही ठेवलात. मग भाच्यानं काल नोंदणीतून पत्ता काढून दिला, पण घराचा नंबर लिहायला विसरला. तीन मजले चढले-उतरले, पण पद्मजा देवस्थळी कुठल्याच दारावर नाही. इथे श. वि. देवस्थळी. शेवटी जिन्यात ह्यांना विचारलं."

"आणि तरी आलात?" पद्मजाबाई दारातून बाजूला झाल्या. "मी तर धड बोललेही नाही."

"म्हणून तर आले. जिला बोलायला फुरसत नाही, तिचं काम चांगलंच असणार ना. शिवाय शेवटी धन्यवाद म्हणालात की."

मोत्यांची पालखी बघून त्या बाईनं ती लगेच ठरवली, तुळशीवृंदावनासकट. ती गेल्यावर पद्मजाबाई डोळे पुसत नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही टिक काढलीत म्हणून ही दारात आली. फार उपकार झाले तुमचे."

"टिक काढली नसती तर फोनवरच काम झालं असतं," ऋता म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शरच्चंद्र स्टूल घेऊन दारापाशी गेले आणि बावीस वर्षांची जुनी पाटी उतरवली. गुरुवारी नवी पाटी आली. वर ठळक 'पद्मजा देवस्थळी', खाली बारीक 'श. वि. देवस्थळी'. पद्मजाबाईंनी ती दोनदा वाचली आणि पदरानं उगाचच पुसली.

मग आत जाऊन त्यांनी एक कागद आणला आणि पाटीखाली स्वतःच्या हातानं चिकटवला. त्यावर लिहिलं होतं, 'रुखवतासाठी बेल वाजवा. वेबसाइट आहे, लोगो आहे, सगळं आहे. धन्यवाद.'