डांबरगोळ्यांचा उजेड

कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच लिहायची आणि नंतर तिच्यातला एक शब्दही बदलावा लागू नये, एवढी माझ्या हाताला शिस्त आहे. पुण्याच्या एका दैनिकात उमेदीची वर्षं घालवल्यावर माणसाकडे दुसरं काही नसलं तरी एवढं असतं. आता मी बहरीनमध्ये एका जहाज कंपनीत नोकरी करतो आणि इथल्या मराठी मंडळाच्या बातम्या त्याच दैनिकाला पाठवतो. पुण्याचं घड्याळ अडीच तास पुढे चालतं. इकडे पाहुणे चप्पल काढत असतात तेव्हा तिकडे पान छपाईला निघालेलं असतं. त्यामुळे आधी लिहिणं ही माझी सवय नाही, भूगोल आहे.

तर दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी मंडळात ‘समई ते एलईडी’ असं प्रदर्शन ठरलं. प्रमुख माझी बायको निवेदिता. मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्रराव बँकेत आहेत आणि घरीही बँकेतल्यासारखंच बोलतात.

“वहिनी, हे नीट झालं तर दिवाळी पहाट तुमच्याकडे. नाही झालं तर फराळ समिती आहेच.”

फराळ समितीत निवेदिताने सलग पाच दिवाळ्या चकल्या तळल्या होत्या. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “मयुरेश, मी पुन्हा सोऱ्या हातात धरणार नाही.”

समया, कंदील, पेट्रोमॅक्स सगळं जमलं. अडलं ते एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या दिव्याशी. “मी करतो,” मी म्हटलं. दोन संध्याकाळी वाचन केलं होतं. बंद भांड्यात दगडी कोळसा तापवायचा, निघालेला वायू चुन्यातून नेऊन साफ करायचा आणि पेटवायचा. त्याची ज्योत मात्र मरगळलेली असे. मग तेव्हाच्या हुशार लोकांनी ती उजळ करण्यासाठी वाटेत डांबरगोळ्यांची डबी बसवली. गोळ्यांची वाफ वायूत मिसळली की ज्योत पांढरीशुभ्र!

मंडळाच्या बसचा ड्रायव्हर बाळाजी साताऱ्याकडचा. त्याला घेऊन जिदहफ्सच्या बाजारातून हुक्क्याचा कोळसा आणला आणि तापवला. कोळसा तापला, आम्ही तापलो, वायू काही निघाला नाही. लाकडाचा कोळसा करतानाच त्यातला वायू उडून जातो, ही ओळ मी वाचताना गाळली होती.

“मफी गॅस, सायेब,” बाळाजी म्हणाला. ‘मफी’ म्हणजे नाही, एवढं अरबी त्यालाही येत होतं. “आता?”

आता मीना सलमान बंदर. तिथल्या एका वर्कशॉपच्या भट्टीतून दगडी कोळशाची पिशवी मिळाली. मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी डब्यात तो तापवला आणि बाळाजीच्या तंबाखूसाठी आणलेल्या चुन्यातून वायू गाळला. तो भरायला आमच्या मुलाचं पोहायचं रबरी बदक होतं. पिवळं, हसरं, चोचीत व्हॉल्व्ह असलेलं. बदकाच्या पाठीवर हात दाबला की नळीतून वायू यायचा.

डांबरगोळ्या कुठून आणल्या? निवेदिताच्या पैठणीच्या सुटकेसमधून. सगळ्या.

बाहेरच्या उन्हात तो दिवा असा लागला की बाळाजीने गॉगल चढवला. मी घरी येऊन बातमी लिहिली: ‘वायुदीपाच्या प्रखर प्रकाशाने सभागृह उजळून निघाले. उपस्थित महिलांनी उभे राहून दाद दिली.’ शुक्रवारी दुपारी प्रदर्शन उघडताच ती पाठवून दिली.

सभागृहाचा व्यवस्थापक हुसेन. त्याने बदकाकडे बराच वेळ पाहिलं. “एक बत्ती. बस. उसके बाद खलास.”

पडदे ओढले, दिवे मालवले. सभागृहातला एसी असा होता की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पैठण्यांवर शाली घेतल्या होत्या. मी काडी लावली. ज्योत आली, दोन क्षण डोलली आणि मिणमिणू लागली.

“गोळ्या कमी पडल्या,” मी कुजबुजलो. बाळाजीने मूठभर टाकल्या. ज्योत आणखी बारीक. “अजून टाक. आणि डबीखाली पणती ठेव.” त्याने दोन ठेवल्या. बदक दाबलं. ज्योत विझली. बदकाने फक्त हुंदका दिल्यासारखा आवाज काढला.

डबीतून मात्र वाफ झकास निघत होती. एसीने ती कोपऱ्याकोपऱ्यात पोचवली.

पहिल्यांदा नाक मुरडलं ते सुरेखाताईंनी. शैलेंद्ररावांच्या पत्नी. त्यांनी आधी स्वतःचा पदर हुंगला, मग शेजारच्या पूर्णिमाचा, मग मान ताठ करून समोर पाहू लागल्या. पूर्णिमानेही तेच केलं. अख्ख्या रांगेत पदर वर जात होते, खाली येत होते. सणाला साडी सुटकेसमधून काढून, उन्हात न टाकता तशीच नेसलेली, हे कोण कबूल करणार? आणि तशीच नेसली नव्हती असं शपथेवर सांगणारी एकही नव्हती.

“मी जरा गाडीत फोन विसरले,” सुरेखाताई उठल्या.

“थांबा, मीही येते. माझाही राहिलाय.”

पाहता पाहता सगळ्यांचेच फोन गाडीत राहिले. बायका उठून गेल्या. बायका का गेल्या ते पाहायला नवरे गेले. नवरे का गेले ते पाहायला शैलेंद्रराव गेले. काचेतून मला पार्किंग दिसत होतं. भर उन्हात पन्नासेक पैठण्यांचे पदर वाऱ्यावर धरलेले आणि एकही बाई दुसरीकडे बघत नव्हती.

हुसेन आत आला. “ये आप लोगों का बखूर है?” त्याने अरबी धुपाचं नाव घेऊन आदराने विचारलं, एक खोल श्वास घेतला आणि एसी आणखी थंड करून टाकला. तेव्हा मला दुसरी गाळलेली ओळ आठवली. गारठ्यात ती वाफ नळीत गोठते आणि वाट बंद होते. मी नळी काढून पाहिली. आत डांबरगोळ्यांचाच पांढरा बर्फ जमला होता.

निवेदिता खांबाआड उभी होती. “मयुरेश, मी स्टेजवर जात नाही. माझ्या साडीला सुटकेसचा वास येतोय. माझ्यामुळे सगळ्या उठून गेल्या.”

“तुझ्या साडीला येऊच शकत नाही,” मी म्हटलं.

“का?”

या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं. मी डबी पुढे केली. तिने आत पाहिलं, मग बदकाकडे, मग माझ्याकडे.

“सुटकेसमधल्या?”

“सगळ्या.”

“दिवाळी पहाट गेली,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने पदर खोचला आणि सरळ दार उघडून पायरीवर उभी राहिली. “बायांनो, आत या. साड्या सगळ्यांच्या छान आहेत. वास या दिव्याचा आहे. त्या काळी उजेड असाच यायचा, वासासकट.”

पार्किंगमध्ये जो सुस्कारा उमटला तो मीना सलमानपर्यंत गेला असावा. बायका हसत आत आल्या. डबीभोवती रांग लागली. जी ती वाकून हुंगायची आणि शेजारणीला म्हणायची, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” पूर्णिमाने टाळ्या सुरू केल्या. सगळ्या उभ्याच होत्या.

“ते ठीक,” शैलेंद्रराव म्हणाले. “पण दिवा लागला का?”

निवेदिताने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात शैलेंद्ररावांच्या हातातला फोन किणकिणला. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, “‘वायुदीपाच्या प्रखर प्रकाशाने सभागृह उजळून निघाले.’ अहो, ही तर पुण्याच्या पेपरच्या साइटवर आली.”

मी बदकाची चोच पुसू लागलो.

“म्हणजे आपण बाहेर होतो तेव्हा लागला,” सुरेखाताई हळहळल्या. “सगळ्या बाहेर, आणि तेवढ्यातच.”

“पुन्हा लावा ना.”

“बदक रिकामं झालं,” बाळाजी तत्परतेने म्हणाला आणि त्यावर बसला. ते खरोखरच रिकामं झालं.

शैलेंद्ररावांनी फोन खिशात ठेवला. छापून आलेल्या गोष्टीवर त्यांचा बँकेइतकाच विश्वास. “वहिनी, दिवाळी पहाट तुमची. अट एकच. हा दिवा तिथे सगळ्यांसमोर लागला पाहिजे.”

“लागेल,” निवेदिता हसून म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच पुटपुटली, “दिवाळीची बातमी आजच लिहून ठेव.”

“लिहून झाली,” मी म्हटलं.