लॅपटॉप पुसण्याआधीची यादी

जुना लॅपटॉप विकत घ्यायला शिकवणीच्या बाई पाच वाजता येणार होत्या, आणि तीन वाजून गेले तरी नाना नव्वदाव्या फाइलवरच होते.

खरं तर काम दहा मिनिटांचं. लॅपटॉप लेकीचा, तिनेच फोनवर सांगितलं होतं, "नाना, रीसेट दाबा, सगळं पुसलं जाईल. माझे फोटो, पासवर्ड कुणाच्या हाती लागायला नकोत." पण नानांनी चौतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेली. कागद नष्ट करायचा तर आधी वाचायचा, यादीत चढवायचा आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. बिनयादीचं एक चिठोरंही त्यांनी कधी जाऊ दिलं नव्हतं. म्हणून वही, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन ते लेकीच्या खोलीत बसले होते. ती समुद्रापलीकडे नोकरीला गेल्याला अडीच वर्षं झाली होती. खोलीत आता इस्त्रीचे कपडे राहत होते.

एक्क्याण्णवावी फाइल व्हिडिओ निघाली. नोकरीच्या मुलाखतीची तालीम. केस चापूनचोपून बांधलेली लेक म्हणत होती, "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे संयम. कुठल्याही परिस्थितीत मी..." तेवढ्यात तिच्या मागचं दार उघडलं आणि बनियनमधले नाना बादली घेऊन आत आले.

"नाना! दार वाजवून या ना हो!"

"तुझं चालू दे. मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतोय."

पुढच्या व्हिडिओत ती संयमापर्यंत पोचली आणि नाना चष्मा शोधत आले. चष्मा कपाळावरच होता. त्याच्या पुढच्यात ते नुसतेच आले. "ही खोली आहे की चव्हाटा?" लेक ओरडली.

असे सतरा व्हिडिओ. एकातही बिचारी संयमाच्या पुढे गेली नव्हती. नाना आधी पोट धरून हसले, मग त्यांना हसता येईना. पोरीची इतकी आठवण आली की त्यांनी पेन खाली ठेवलं. कारणाच्या रकान्यात काय लिहिणार, कपाळ! त्यांनी आवाज मोठा केला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावले. तिथेच घोळ झाला. बाराव्यात लेकीने हात जोडले आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, "आई, भूक लागलीये गं! आणि यांना आधी बाहेर काढ!"

स्वयंपाकघरात पातेलं पडलं.

दुसरी कुणी असती तर खोलीकडे धावली असती. पण नानांची बायको शेगडीकडे धावली. पोरगी इतक्या लांबून उपाशी आलीये, गळाभेट पळून जात नाही! शिवाय बापलेकीने गुपचूप बेत केलाय, तर आपणही गरम ताट घेऊनच जाऊ, म्हणजे दोघांची जिरेल. तिने खिडकीतून खाली हाक मारली, "वन्सं, पोरगी आली हो!"

खालच्या मजल्यावर राहणारी नानांची बहीण तोंडाला पावडर लावून, गुडघे विसरून जिना चढली. पाच वाजता शिकवणीच्या बाई आल्या, तर तिने त्यांनाही दारातून आत ओढलं. "या, या, आमची पोरगी आलीये!"

"अहो, मी लॅपटॉपसाठी..."

"तो कुठे पळतोय!"

तिघींनी दार ढकललं. खोलीत नाना एकटेच, डोळे ओले. पडद्यावरची लेक म्हणत होती, "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे संयम."

बायकोने दारामागेसुद्धा पाहिलं. "कुठाय?"

नानांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

तिने ताट टेबलावर ठेवलं. "अहो, अडीच वर्षांनी ओट्याशी उभी राहून गाणं म्हणत होते मी. कळतंय का तुम्हाला?"

"चुकलं गं माझं."

तिने इस्त्रीचे कपडे बाजूला सारले. मग तिथेच बसली. "तो मघाचा लावा परत. भूक लागलीये म्हणते तो."

चौथ्यांदा लावून झाल्यावर शिकवणीच्या बाईंनी नाक पुसलं. "मी दुसरीकडे बघते लॅपटॉप," म्हणाल्या आणि आणखी एकदा बघूनच गेल्या.

थोड्या वेळाने लेकीचा फोन आला. "झालं का पुसून?"

"नाही. विकायचाच नाही तो," नाना ठासून म्हणाले. "तुझे सतरा व्हिडिओ आहेत यात."

"अहो नाना, ते आहेत माझ्याकडे. निघताना सगळ्यात आधी तेच घेतले होते."

"नासलेले? आणि नोकरीसाठी पाठवलास तो?"

"तो तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा केला. पाठवला आणि उडवून टाकला. तुम्ही कुठे होतात त्यात?" ती हसली, मग तिचा आवाज बारीक झाला. "जेवताना लावते मी एखादा. इथे माझ्या खोलीत दार न वाजवता कुणी येत नाही, नाना. वाजवूनही येत नाही."

 नानांनी फोन बायकोच्या हातात दिला.

"मग ये की गं," ती म्हणाली.