लाल चिंधीची वांगी

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न अक्षर खरी आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडली. म्हणजे त्या दिवशी मी घरीच झोपलो होतो. पण ज्यानं सांगितली, त्याचे डोळे आणि माझे डोळे काही वेगळे नाहीत.

तर आमचे उदयसिंह. राहणार राजारामपुरी, एका पतसंस्थेत हेडक्लार्क, आणि बोलायला लागले की थेट बागायतदार. "रक्तात माती हाय आमच्या," असं ऑफिसात दिवसातून दोनदा तरी म्हणायचेच. (आजोबांचं शेत त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही सातबाऱ्यावर.)

एका शनिवारी जेवताना त्यांनी वांग्याचं देठ ताटाबाहेर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "मंडईतली वांगी ही. सोताच्या हातानं झाडावरनं तोडलेल्या वांग्याची चवच येगळी."

तेजस्वीवहिनी कुरुंदवाडच्या, मळ्यात वाढलेल्या. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "तुमी तोडणार? पलंगावरचा वला टॉवेल उचलत न्हाईसा तुमी."

"तोडून दावतो!"

"दावा की. किलोभर वांगी सोताच्या हातानं तोडलीसा, तर टॉवेलावरनं जन्मात बोलणार न्हाय मी. न्हाय तोडलीसा, तर सकाळचा चहा तुमी करायचा. कायमचा. आणि थापा मारू नका, मी हात बघून वळखतो. वांग्याच्या देठाला काटं असत्यात."

'कायमचा' हा शब्द उदयसिंहांच्या घशाखाली भाकरीबरोबर काही उतरला नाही.

रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून कोडोलीच्या पुढं एका मळ्यावर पोचली. फोनवर जाहिरात पाहिली होती. तोंडाशीच बोर्ड: 'स्वतः तोडा, घरी न्या!' बोर्ड लावला होता घरच्या सुनेनं, संयोगितानं. शेतीची पदवी घेतलेली हुशार पोरगी. तिनं हसत टोपली दिली. "कुठल्याबी सरीत जावा दादा, पायजे ते तोडा."

उदयसिंहांनी बाह्या सरसावल्या, कंबर वाकवली. बोट देठाला लागणार, तोच बांधावरून तोफ कडाडली.

"ओ पावणं! आधी सरळ व्हा!"

संयोगिताचे सासरे हंबीरराव धोतर सावरत धावत आले आणि त्यांनी टोपली हिसकावलीच. "दारात आलेल्या पावण्यानं वाकायचं? चला, चहा."

"पण बोर्डावर…"

"बोर्ड सुनंचा हाय. मळा माझा हाय."

चहा आला. चमचा उभा राहील एवढी साखर. तो संपवून उदयसिंह धावत सरीत आले, तर टोपली काठोकाठ भरलेली! सासूबाई, चिमणाबाई, पदराला हात पुसत उभ्या. "घ्या. नीट बघून तोडल्यात. एकबी किडकं न्हाय."

खाटेवर ताक पीत बसलेल्या वहिनींनी तिथूनच विचारलं, "अवो, हात दावा!"

हात लग्नाच्या दिवशी होते तसेच होते.

पण उदयसिंह हटणारे नव्हते. ती टोपली त्यांनी गुपचूप खाटेखाली सरकवली आणि दुसरी उचलून पलीकडच्या सरीत शिरले. दोन मिनिटांत हंबीरराव खुर्ची घेऊन हजर. प्लॅस्टिकची, लाल, हातांची. ती त्यांनी सरीच्या मधोमध रोवली आणि पाहुण्याला खांद्याला धरून बसवलं. "तुमी निस्तं बोट दावा. तोडतो मी."

"मामा, लोक तोडायलाच येत्यात!" संयोगिता कळवळली. "त्यातच त्यांची मजा हाय!"

"मजा? तुला बघायला आमी पावणं म्हणून आलतो, तवा तुझ्या बानं आमच्या हातात खुरपं दिलं हुतं काय?"



खुर्चीत बसल्या बसल्या उदयसिंहांना रोजचा पहाटेचा गॅस दिसू लागला. पातेलं दिसू लागलं. शेवटी त्यांनी हंबीररावांपुढं करंगळी वर केली. (एवढ्या एकाच कामाला पाहुण्याच्या सोबतीनं जायची पद्धत अजून आपल्याकडं नाही.) आणि ते जे सुटले, ते मळ्याच्या पार टोकाला.

तिथं एकटी अशी चार-पाच झाडं होती. आणि वांगी? नारळाएवढी! पिवळीधमक, सोन्यासारखी! प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. आता ऑफिसात फायलीला लाल चिंधी म्हणजे 'तातडीचं, आधी निकालात काढा'. वीस वर्षांची सवय. उदयसिंहांनी सातच्या सात वांगी निकालात काढली. काटे बोटांत घुसले, नखांखाली घुसले, पण प्रत्येक काट्याला ते मनातल्या मनात म्हणत होते, "ये बाबा, ये. तूच साक्षीदार."

सातही वांगी छातीशी धरून, रक्ताळलेली बोटं वर करून ते खाटेपाशी आले. "बघ! मोज काटं!"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. "अवो… ही बियाण्याची हायत."

चिमणाबाई उठल्या. एका वांग्यावरून त्यांनी हळूच हात फिरवला. "माझ्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं बी. तीस वर्सं राखलंय. अजून आठ दिस झाडाला ऱ्हायला पायजे हुती."

उदयसिंहांना खुर्ची हवी होती. ती सरीतच राहिली होती.

पाहुण्याचा अपमान हंबीररावांच्या रक्तात नव्हता. "असू द्या. चांगली… चांगली तोडली की. आमी बघतो पुढचं."

"न्हाय." चिमणाबाई पहिल्यांदाच नवऱ्याला आडव्या गेल्या. "आता पावणंच बघतील. पावणं, लई हौस हाय न्हवं कामाची? घरी न्या. पाच दिस ठेवा, मग चिरून बी काढा, पाण्यात धुवा, राख लावून सावलीत वाळवा. येत्या ऐतवारी माझं बी मला आणून द्या. एक दाणा कमी चालायचा न्हाय."

त्या मळ्यावर पाहुण्याला मिळालेलं ते पहिलं काम.

पुढच्या शनिवारी राजारामपुरीतल्या एका बाल्कनीत एक हेडक्लार्क मांडी घालून बसला होता. पुढं टॉवेलावर बी पसरलेलं. एका हातात रद्दी पेपरची गुंडाळी, चिमण्या हाकायला. वहिनी दारात आल्या, क्षणभर बघत राहिल्या आणि भरल्या गळ्यानं म्हणाल्या, "शाब्बास! शोभतासा शेतकरी."

आता शपथच घेतलीय म्हणून सांगतो, हे शेवटचं वाक्य तेवढं मी पदरचं घातलं. बाकी सगळं खरं. प्रत्यक्षात ती मला एवढंच म्हणाली (मला म्हणजे, उदयसिंहांना):

"पैज खायच्या वांग्याची हुती, बियाण्याच्या न्हवं. उठा, चहा ठेवा. आणि बी भरून झालं, की खालचा तो टॉवेल उचला."