निम्म्याचं निम्मं

सुनेच्या डोहाळजेवणाच्या दिवशीच मल्हारी आबांना पुण्याच्या दवाखान्याची तारीख मिळाली, तेव्हाच त्यांनी ओळखलं की नशीब हात धुऊन मागे लागलंय. छातीतल्या गाठीचा फोटो काढायचा होता. गाठ काय निघेल ते देव जाणे, नातवाचं तोंड दिसेल न दिसेल. निदान डोहाळजेवणाची पंगत तरी डोळे भरून बघावी, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

फोटोआधी दवाखान्यातल्या साहेबांनी इंजेक्शन टोचलं आणि समजावलं, "आबा, यातल्या अणूंमध्ये प्रोटॉन प्रमाणाबाहेर भरलेत. असला अणू टिकत नाही, मोडतो आणि किरणं सोडतो. दोनेक तासांत औषध निम्मं होतं, पुढच्या दोन तासांत निम्म्याचं निम्मं. आजचा दिवस गरोदर बाईजवळ जाऊ नका."

"मग संपतंय कवा?"

"हिशोबाने बघितलं तर कधीच नाही!" साहेब हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आबांना काही हसू आलं नाही. आजोबांची जमीन अशीच निम्मी, निम्म्याची निम्मी होत त्यांच्यापर्यंत आली होती. बैलजोडी वळवायला जागा उरली नव्हती, पण जमीन संपली नव्हती आणि बांधावरची भांडणंही संपली नव्हती. म्हणजे हे औषध आता जन्माला पुरणार! आपलं गाव, कवठे येमाई, जवळ आल्यावर त्यांनी पुतण्याला, संपतला, गाडी रानाकडे घ्यायला लावली. संपतने त्यांना हाताला धरून गवताने शाकारलेल्या कोपीत बाजेवर बसवलं आणि तो घरी गेला. आबांनी बायकोला फोन लावला.

"मी न्हाई येत. माझ्या अंगातनं किरणं निघत्यात. धनश्रीच्या बाळाला बाधत्यात."

"आन् संपत?" अनसाबाई ओरडल्या. "त्यो तर तुमाला शिवून आलाय! बायकूच्या हातनं पानी बी पिला. ती तर पोळ्या लाटतीया!"

शिवाशिवीचं आबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. फोनमध्ये लाटणं आपटल्याचा आवाज झाला, संपतची बायको रडायला लागली, आणि मग भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या सगुणाबाईंनी फोन घेतला. मयत झालं की सुतक कुणाला आणि किती, हे भावकीत त्याच ठरवत.

"मल्हारी, सुतकाचं धा दिस असत्यात. ह्येचं किती?"

"ह्येला शेवट न्हाई, काकी."

"टोचलंय कशात?"

"रगतात."

"मग झालं की! भावकीचं रगत एकच. समद्यांनाच लागलं. चला गं बायांनो, बाहीर!"

फोन कुणी बंदच केला नाही, त्यामुळे आबांना सगळं ऐकावं लागलं. भावकीतल्या बायका ओटीची ताटं टाकून अंगणात उतरल्या. हिरव्या साडीतली धनश्री सजवलेल्या झोपाळ्यावर एकटीच उरली. मेल्यावर लागायचं ते सुतक आपण जिवंतपणीच सगळ्यांना लावलं, याचं आबांना फार वाईट वाटलं. गाठीचंही त्यांना एवढं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सगुणाबाईंचाच घाबरा आवाज आला. "अगं बया! पोटातलं पोर बी ह्याच रगताचं की!"

आता धनश्रीने गळाच काढला. पण रडता रडता ती मध्येच थांबली.

"आज्जी, मग बाळ बी सुतकात, आन् मी बी. सुतकातल्यानं सुतकातल्याला शिवलं तर काय हुतंय?"

असला पेच सगुणाबाईंपुढे आजवर आला नव्हता.

"काय न्हाई हुत," शेवटी त्या म्हणाल्या. "घ्या गं ताटं. पोळ्या गार हुत्यात."

बांगड्या वाजल्या, ओटी भरली, गाणी सुरू झाली. आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी उठून घाईघाईने डोक्याला पटका गुंडाळला.

"काकी, मग म्या बी निघू का? मी बी त्याच रगताचा."

"तू कशाला येतूस, मल्हारी?" सगुणाबाई म्हणाल्या. "तुला तर खरंच टोचलंय." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.