हर्षाली घुगेचा जप्त आवाज

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक धारूरकर यांनी दुसऱ्या वर्षाच्या हर्षाली घुगेचा आवाज भर वर्गात जप्त केला आणि बरणीत घालून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. बोरखेडच्या महाविद्यालयात तासाला मोबाइल वाजला तर तो जप्त करायची पद्धत होतीच. धारूरकर सर तीच पद्धत आवाजाला लावत. इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती. हरकत घ्यायलाही आवाज लागतो, हे एक कारण असावं.

त्या दिवशी सर बऱ्याच उशिरा आले आणि आल्यावर फोनवर बोलत राहिले. जोडधंदा म्हणून ते प्लॉट विकत. "पूर्वाभिमुख आहे, कोपऱ्याचा आहे, तुम्ही नुसतं बघून तर जा," असं ते खिडकीशी उभे राहून कुणाला तरी सांगत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी फळ्यावर 'प्रकाशसंश्लेषण झाले' असं लिहिलं आणि हात झटकले.

हर्षाली उभी राहिली. "सर, ते झालेलं नाही. तुम्ही त्यावर एकही तास घेतला नाही, आणि परीक्षेला तर..."

"घरी गिरणी आहे ना तुमची?" सर म्हणाले. "ओरडून बोलायची सवय असणार. ती इथं चालणार नाही. आवाज टेबलावर ठेव."

वर्गात दोघंतिघं हसले. द्यायचा नाही असं हर्षालीच्या मनात होतं, पण सरांनी हात पुढे केला तेव्हा आवाज निघून आलेलाच होता. सरांनी एका बरणीतली वाळकी अळंबी बाहेर काढली, बरणी धुतली, आवाज आत ठेवला, झाकण घट्ट केलं आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवली. "सत्र संपल्यावर बघू," ते म्हणाले. "आणि तोंडी परीक्षेला जो उत्तर देणार नाही त्याला शून्य मिळतं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा."

संध्याकाळी वसतिगृहात हर्षालीच्या आईचा फोन आला. कांताबाई गावी पिठाची गिरणी चालवत आणि दळणं उरकता उरकता रोज मुलीशी बोलत. हर्षालीनं फोन कानाला लावला आणि तोंड उघडलं.

"हॅलो. अगं बोल की. काहीच ऐकू येईना," कांताबाई म्हणाल्या. "थांब, गिरणी बंद करते."

गिरणी बंद झाली. पट्टा फिरायचा थांबला तेही इकडे कळलं. "आता बोल. हॅलो. रागावलीस का माझ्यावर?"

हर्षालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिच्या खोलीत राहणाऱ्या नाझनीन पठाणनं फोन घेतला. "काकू, तिचा आवाज सरांनी जप्त केलाय," ती म्हणाली.

कांताबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "लहानपणी फार उशिरा बोलायला लागली होती गं ती. फार वाट बघून आलेला आवाज आहे तो. तो नीट ठेवलाय ना त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी दोघी प्राचार्या डॉ. वैराळे यांच्याकडे गेल्या. हर्षालीनं तक्रार लिहून आणली होती. मॅडमनी ती वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तक्रार रीतसर आहे," त्या म्हणाल्या. "समितीपुढे सुनावणी लावते. पण तिथं तक्रारदारानं आपलं म्हणणं स्वतः बोलून मांडायचं असतं. दुसऱ्यानं बोललेलं धरलं जात नाही."

"पण मॅडम, तिचा आवाज तर सरांकडेच आहे," नाझनीन म्हणाली.

"तो सरांकडे आहे की नाही, तेच तर सुनावणीत ठरायचंय."

"मग ती बोलणार कशी?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या वाईट नव्हत्या. धारूरकर त्यांच्यापेक्षा सेवेत जुने होते आणि संस्थेच्या अर्ध्या संचालकांना त्यांनी प्लॉट मिळवून दिले होते. त्या हळूच म्हणाल्या, "आवाज उसना घेऊ नये, असं कुठं म्हटलेलं मला तरी आठवत नाही."

खोलीवर परत आल्यावर नाझनीन कॉटवर बसून राहिली. तिला भीती वाटत होती. आपण थोडा आवाज उसना दिला आणि सरांचा डोळा आपल्यावर पडला तर उरलेलाही जाईल, आणि अंतर्गत गुण तर त्यांच्याच हातात. शेवटी तिनं घसा खाकरला आणि थोडा आवाज ओंजळीत काढला. हर्षालीनं तो पाण्यासारखा पिऊन टाकला.

"आई," हर्षाली म्हणाली. तेवढ्यावरच तो संपला.

"एवढ्यानं काय होणार," नाझनीन बसक्या आवाजात म्हणाली. "उद्या वर्गात विचारते."

वर्गात कुजबुज झाली. काहींनी सरळ नाही म्हटलं, आणि त्यांचा राग धरण्यात अर्थ नव्हता. बाकीच्यांनी जमेल तेवढं दिलं. हसलेल्यांपैकी एक जण पहिला पुढे आला आणि निम्मा आवाज देऊन खाली मान घालून बसला. एका मुलीनं फक्त हुंकार दिला. तिला घरी रोज आजोबांशी मोठ्यानं बोलावं लागे. एकानं खोकला दिला. तोही हर्षालीनं घेतला.

सुनावणीला समितीत प्राचार्या आणि दोन प्राध्यापक होते. धारूरकर सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि मोबाइल त्यांनी टेबलावर उताणा ठेवला होता.

हर्षाली बोलायला लागली. आवाज जाडाभरडा येत होता. एक वाक्य नाझनीनच्या वळणाचं निघे, दुसरं नुकत्या मिसरूड फुटलेल्या मुलाचं, मधेच कुणाचा तरी खोकला. पण म्हणणं नीट होतं. सर वेळेवर येत नाहीत, तासाला फोनवर व्यवहार करतात, न शिकवलेलं शिकवलं म्हणतात, आणि विचारलं की घरावरून बोलतात. "आणि त्यांनी माझा आवाज काढून घेतला," ती म्हणाली. "मला तो परत पाहिजे."

धारूरकर सर हसले. "मॅडम, ही तक्रार ग्राह्यच धरता येणार नाही. हा हिचा आवाज नाही."

"तुम्हाला खात्री आहे?" वैराळे मॅडमनी विचारलं.

"शंभर टक्के."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? हिचा आवाज माझ्या कपाटात आहे."

समितीतल्या एका प्राध्यापकांनी हे वाक्य उतरवून घेतलं आणि सरांना वाचून दाखवलं. हेच म्हणालात ना, असं विचारलं. सरांनी मोबाइल उचलून खिशात ठेवला.

मॅडम उठल्या. "चला, कपाट उघडू," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर इतका स्वच्छ झालेला त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता.

कपाटात वरपासून खालपर्यंत बरण्या होत्या. काहींवरची नावं ताजी होती, काहींची चिठ्ठी पिवळी पडली होती. हर्षालीची बरणी पुढेच होती. तिनं झाकण फिरवलं तसा आवाज बाहेर आला आणि जिथं अडवला होता तिथूनच पुढे बोलला: "...येणारच आहे." मग तो तिच्या गळ्यात गेला. जप्त आवाज सुटताना आपलं अर्धं राहिलेलं वाक्य आधी पूर्ण करतात, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

हर्षालीनं तिथूनच आईला फोन लावला. पलीकडे गिरणी चालू होती. "ऐकू येतंय," कांताबाई म्हणाल्या. "बोल, बोलत राहा. दळण चालू दे माझं."

उसने आवाज तिनं ज्याचे त्याला परत केले. वर्ग पुन्हा मोकळ्या गळ्यानं बोलायला लागला.

समितीनं निर्णय दिला. तासाला फोन बंद. राहिलेला भाग सरांनी जादा तास घेऊन शिकवायचा. तोंडी परीक्षा त्यांच्याकडून काढून दुसऱ्या परीक्षकाकडे दिली. आणि प्रत्येक बरणी त्यांनी स्वतः घरी नेऊन द्यायची, सोबत माफी मागायची.

सर मोटरसायकलला पिशवी अडकवून हिंडू लागले. चौकातले औषध दुकानदार प्रल्हाद मुळे महाविद्यालय सोडल्यापासून नुसती मान हलवून व्यवहार करत, आणि गाव त्यांना शांत स्वभावाचे समजत असे. त्यांची बरणी उघडली तेव्हा पोक्त माणसाच्या तोंडून कोवळ्या मुलाचा आवाज आला. त्यांच्या बायकोनं तो कधी ऐकलाच नव्हता. ती म्हणाली, "अहो, माझं नाव घ्या ना एकदा." सर दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांना तिथून लगेच निघता आलं नाही. पुढच्या घरी माफी मागताना त्यांनी मान खाली घातली होती.

शेवटी एक बरणी उरली. तिच्यावरची चिठ्ठी कसरीनं खाल्ली होती. सर ती वर्गात घेऊन आले. त्या दिवशी ते वेळेवर आले होते.

"ही कुणाची ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "मी आठवून पाहिलं." त्यांनी ती टेबलावर ठेवून झाकण उघडलं.

"...पानं का नसतात?" एक बारीक आवाज म्हणाला. मग त्यानं धीर करून पूर्ण विचारलं, "सर, निवडुंगाला पानं का नसतात?"

सर फळ्याकडे वळले. मग त्यांनी खडू घेतला, फळ्यावर निवडुंग काढला आणि शिकवायला सुरुवात केली. रुक्ष जमिनीत पानांतून पाणी उडून जातं, म्हणून पानांचे काटे झाले आणि अन्न तयार करायचं काम हिरव्या खोडानं घेतलं. हे सांगता सांगता ते प्रकाशसंश्लेषणावर आले आणि तास संपेपर्यंत त्यावरच राहिले. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

"पण सर," तो आवाज म्हणाला, "काटे मोडून पडले तर त्याच जागी पुन्हा येतात का?"

सरांनी खडू खाली ठेवला. "मला नक्की माहीत नाही," ते म्हणाले. "वाचून उद्या सांगतो. उद्या ये."

हर्षालीनं बाकावर थोडं सरकून त्याला बसायला जागा करून दिली.