लेकीच्या घरचं पाणी

आमच्या नळाला मीटर बसत नाही हे कळलं, तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेन तो मी कसला!

सांगलीच्या गावभागात आम्ही नवराबायको दोघंच. (लग्नाला वर्ष झालेलं, तिसऱ्याची अजून चाहूलही नव्हती.) आमची पाइप येते शेजारच्या शकुंतलाकाकूंच्या अंगणातून, आणि मीटर बसण्याजोगी जागा नेमकी त्यांच्या तुळशीवृंदावनाखाली. "खणा की," काकू म्हणाल्या, "पण आधी मला पुरा!" मीटर नाही म्हणून बिल यायचं अंदाजे, सात माणसांचं. मी तावातावाने अर्ज केला की आम्ही दोघंच आहोत, येऊन मोजा.

"रविवारी इन्स्पेक्टर येतोय," मी पूजाला ऐटीत सांगितलं. "बिल उतरलं की तुझा शॉवर पक्का!"

रविवारी दार वाजलं. दारात पाटणहून आलेले माझे सासरे, रिटायर्ड सुभेदार नाथाजीराव, सासूबाई आणि तीन मेव्हणे! गणपतीच्या दर्शनाला आले होते. म्हणजे बरोब्बर सात झालो की हो!

मी पूजाला आत ओढलं. "यांना गच्चीवर पाठवतो."

"माझ्या आबांना लपवणार? त्यांना कळलं तर या घरात परत पाऊल ठेवायचे नाहीत. आणि मीही नाही!"

(म्हणजे बिल एकट्याचंच. पण हे मी तोंडातून काढलं नाही, तेवढी अक्कल आहे मला.)

"आबा, गच्चीवरून कृष्णा काय झकास दिसते!" मी म्हणालो. बिचारे गेले सगळे वर. मे महिना, भर दुपार, आणि चपला राहिल्या खाली दारात.

तेवढ्यात इन्स्पेक्टर लालासाहेब आला. "किती माणसं घरात?"

"दोन!" मी ठणकावलं.

"मग ह्या एवढ्या चपला कुणाच्या?"

"मला शौक आहे."

"बायकांच्याबी घालता व्हय?"

इतक्यात जिना दणाणला. पाय पोळल्यामुळे सगळं पाटण नाचत खाली आलं.

"कोण हाय रं?" आबा गरजले.

"पाण्याच्या हापिसातनं आलोय. माणसं मोजायची हाईत."

मोजायची म्हटल्यावर सुभेदार थांबतात होय? "फॉलिन!" भिंतीला रांग लागली. "एक!" आबांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. "दोन!" "तीन!" मेव्हणे ओरडत गेले, आणि शेवटी सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत हळूच म्हणाल्या, "पाच."

पूजाने माझ्याकडे पाहिलं. शॉवर गेला, बायकोही चालली.

लालासाहेबाने पेन काढलं. "पाणी वापरणारी माणसं, सात."

"काय म्हनलास?" आबांच्या मिशा थरथरल्या. "लेकीच्या घरचं पाणी? आरं, तिच्या मांडीवर नातू खेळल्याबिगर आमी तिच्या घरात पाण्याचा थेंब घेत न्हाई! पाटणासनं क्यान भरून आणलाय गड्या!"

"आन् आंघूळ?"

"कृष्णामाई काय आटली व्हय?"

मेव्हण्याने क्यान आणून दाखवला. लालासाहेब खुशीत मान हलवू लागला. "आमच्यातबी हीच रीत हाय बघा." आणि त्याने लिहिलं, दोन. सुटलो बुवा! त्याला मिठी मारावीशी वाटली.

तो गेल्यावर आबांनी डोळे बारीक केले. "जावईबापू, आमाला वर का धाडलं हुतं?"

पूजाच पुढे झाली. "हवा खायला, आबा. आमच्या घरची हवा तरी चालते ना तुम्हाला?"

आबा गडगडून हसले. मला इतकं हायसं वाटलं की मी बोलून गेलो, "आता आलाच आहात तर राहा महिनाभर!"

ते राहिले.

क्यान दोन दिवसांत संपला. मग चहा निव्वळ दुधाचा. तहान लागली की दूध. जेवणावर दूध. उन्हाळ्यात सुभेदारांना तहानही लय लागायची.

पाण्याचं बिल आलं ते एवढंसं. मी शकुंतलाकाकूंनाही दाखवून आलो. परत आलो तर दूधवाला केरबा दारात बसलेला. त्याचं बिल पाहिलं आणि मीही त्याच्या शेजारी बसलो.

त्या रात्री मी पूजाजवळ लाडात विषय काढला. "आपल्याला लवकर मूल व्हायला हवं. आबा पाणी पिऊ लागतील, दुधाचं बिल उतरेल."

पूजा कूस बदलत म्हणाली, "आणि बाळ काय पाणी पिणार आहे?"