अर्ध्या तासाची उज्वला

"दुकानात गिऱ्हाइकासारखं जा, सामान घे अन् ये. लई माया लावत बसू नको," असं सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं. मी हसले. एम.कॉम. झालेल्या बाईला दुकानात जायचं शिक्षण द्यायचं!

लेकाचं बोरन्हाण जवळ आलं होतं. हलव्याच्या दागिन्यांसाठी सोनेरी कागद हवा, म्हणून बाळ कडेवर आणि थर्मामीटर पर्समध्ये अशी मी नांदेडच्या 'रंगरेशीम'मध्ये शिरले. लोकर, मणी, जर विकणाऱ्या या दुकानांची साखळी मुंबईच्या कुठल्याशा गुंतवणूक फंडानं विकत घेतली, तेव्हापासून पाच जणींचं काम एकटी उज्वला करते. माल मुंबईहून येईल तोच. संक्रांत तोंडावर, आणि मांडणीवर सगळे नाताळचे उरलेले कापसाचे हिममानव!

दुपार कलली तरी उज्वला जेवली नव्हती. काउंटर सोडला की कॅमेऱ्यात दिसतं म्हणे. तिचा चेहरा मला तापलेला वाटला. मला सगळ्यांचेच वाटतात, पण तरी. मी तिला डबा घेऊन आत पिटाळलं आणि तिच्या खुर्चीवर बसले.

लगेच फोन वाजला. मुंबईचे साहेब कॅमेऱ्यातून बघून राहिले होते. त्यांनी उज्वलाला कधी धड पाहिलेलंच नव्हतं.

"उज्वला, युनिफॉर्म कुठंय?"

खरं बोलले तर तिची नोकरी जाणार. "धुवायला टाकलाय, सर."

"आणि ते मूल?"

लेक टोपलीत बसून लोकरीचा गुंडा चघळत होता. "माझंच आहे, सर. पण कामात खंड नाही."

हे सिद्ध करायला मी पेटलेच! एका आजीबाईंना तर हिममानव म्हणजे हलव्याचाच बाहुला असं पटवून दोन विकले.

फोन पुन्हा वाजला. साहेब जाम खूश. "मूल सांभाळून एवढं जमतंय, म्हणजे तुला काम कमीच आहे."

मला वाटलं, बढती देतात! उज्वला तोंड पुसत बाहेर आली तेव्हा मी तिचं आगाऊ अभिनंदनही केलं.

आठवड्यानं हुकूम आला. लातूरच्या दुकानातली बाई काम सोडून गेलीय, तर उज्वलानं निम्मे दिवस नांदेड, निम्मे दिवस लातूर बघावं. पगार आहे तोच.

"ताई," ती शांतपणे म्हणाली, "पुढच्या टायमाला मला उपाशीच ऱ्हाऊ द्या."

तर लातूरकरांनो, त्या दुकानावरून गेलात तर उज्वला जेवली का, तेवढं विचारून या. तिच्या खुर्चीत मात्र बसू नका. आणि मी विचारलंय, हेही सांगू नका.